जावकबाईंचे टायर

परिपत्रक आलं तेव्हा जावकबाई पाकिटांना डिंक लावत होत्या. डिंक लावताना त्या कुणाशी बोलत नसत. एकदा बोलण्याच्या नादात मोठ्या साहेबांच्या सहीचं पत्र स्वतःच्याच बाहीला चिकटवून त्या घरी घेऊन गेल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी ते परत आणल्यावर त्याची नोंद आवकेत करायची की जावकेत, यावर कचेरीचा अर्धा दिवस गेला होता.

पाणीपुरवठा कचेरीचा आवक-जावक विभाग म्हणजे दोन टेबलं आणि दोन माणसं. येणारे कागद नोंदवायचे ते आवककाका, जाणारे कागद नोंदवायच्या त्या जावकबाई. दोघांची खरी नावं हजेरीपटावर आहेत असं म्हणत; पण हजेरीपट वाचतो कोण? विभागाला खोली नव्हती. जिना आणि संडास यांच्यामधल्या बोळात तो वसला होता. जिन्याने येणारा विचारी, "संडास कुठे?" आणि संडासातून येणारा विचारी, "साबण कुठे?" बाईंच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत या दोन प्रश्नांपलीकडे त्यांच्या अनुभवाचा कुणी लाभ घेतला नव्हता.

परिपत्रक साधंच होतं. कचेरीला पन्नास वर्षं होत असल्याने पंपहाऊस ते मुख्य कचेरी अशी पाच मैल धावण्याची शर्यत ठेवली आहे. प्रत्येक विभागाने एक धावपटू द्यावा. जिंकणाऱ्या विभागाला दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळेल. त्या खोलीला दोन खिडक्या होत्या आणि त्या दोन्ही उघडत. धावपटू न देणाऱ्या विभागाच्या "जागेचा फेरविचार" होणार होता. बोळात बसणाऱ्याच्या जागेचा फेरविचार म्हणजे काय, हे दोघांनाही कळलं. बोळाच्या खाली जुन्या मीटरांचं गोदाम होतं.

"बाई, माझं वय अठ्ठावन्न," आवककाका म्हणाले. "मी धावायला लागलो तर पोहोचेपर्यंत कचेरी साठ वर्षांची होईल."

"मग?"

"मग विभागात उरलं कोण, ते मोजा."

बाईंनी मोजलं. फार वेळ लागला नाही.

एवढ्यात हात धुऊन बाहेर आलेले आस्थापना विभागाचे हेडक्लार्क रुमाल शोधत थांबले. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांच्या विभागात त्यांचा सख्खा भाचा नुकताच चिकटला होता. चोवीस वर्षांचा, उंच, सडपातळ. भाच्याचे वडील बोटीवर होते आणि त्यांनी परदेशातून खास धावण्याचे बूट आणले होते. निळे, बाजूला पिवळा पट्टा. भाचा ते डब्यातून काढून लोकांना दाखवी आणि पुन्हा डब्यात ठेवी.

"जावकबाई धावणार?" हेडक्लार्क हसले. "बाई, धावणं म्हणजे तिकिटं चिकटवणं नव्हे."

बाई काही बोलल्या नाहीत, कारण हातात डिंकाचा ब्रश होता. पण त्या दिवशी आठ पाकिटांवर त्यांनी तिकिटं उलटी लावली.

घरी बाईंचे यजमान वाट बघत होते. ते छापखान्यात मुद्रितशोधक. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेलं, त्यामुळे स्वभाव अतिशय शांत. त्यांनी परिपत्रक हातात घेतलं, कानावरची लाल पेन्सिल काढली आणि दोनदा वाचलं.

"यात 'पुरुष' असा शब्द कुठेही नाही," ते म्हणाले. "तुला धावता येईल."

"येईल का?"

"नियमाने येईल. पायांनी येतं का ते तू बघ. पण हा नियम चार वाच. 'स्पर्धकाने कोणत्याही वहाणेचा वापर करू नये.'"

"म्हणजे अनवाणी?"

"त्यांना 'वाहन' लिहायचं असणार. काना इकडचा तिकडे गेला आणि 'न'चा 'ण' झाला. एका शब्दात दोन चुका, आणि सगळ्या कचेरीच्या पायांतल्या चपला गेल्या."

तेव्हा नियम चारचा खुलासा मागणं आलं. खुलासा मागायचा आस्थापना विभागाकडे, तोही विभागप्रमुखाच्या सहीने. आवक-जावकच्या प्रमुखाची जागा चार वर्षं रिकामी होती, म्हणून बाईंनी "प्रमुखांकरिता" अशी स्वतःच सही केली, स्वतःच जावक क्रमांक घातला आणि अर्ज समोरच्या टेबलावर, म्हणजे हातभर अंतरावर, आवककाकांपुढे ठेवला. काकांनी चष्मा लावून तो पाहिला.

"तीन दिवसांनी या."

"काका, मी समोरच बसते."

"म्हणून काय झालं? ओळखीच्या माणसाचं काम लवकर केलं की कचेरी बुडाली." काकांनी तो अर्ज ढिगाच्या तळाशी सरकवला. लोक सरकारी कचेरीत जोडे झिजवतात हे बाईंनी रोज पाहिलं होतं. जोडे घालायची परवानगी मिळवण्यासाठी ते झिजवण्याची पाळी मात्र त्यांच्यावरच आली. पुढे अडीच आठवड्यांनी शुद्धिपत्रक निघालं: नियम चारमध्ये 'वहाण' ऐवजी 'वाहन' असे वाचावे. हेडक्लार्कांनी ते बाईंच्याच हातांनी सगळ्या विभागांना पाठवलं.

खुलाशाची वाट बघत हातावर हात ठेवून बसणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्या बुटांच्या दुकानात गेल्या. आता हल्ली कुणी दुकानात गेला तर चालायचे बूट वेगळे, धावायचे वेगळे, डोंगरावर धावायचे वेगळे आणि नुसतं धावायचं मनात आणणाऱ्यांचे वेगळे. त्या काळात बुटांच्या जाती तीन. कचेरीचे काळे, शाळेच्या कवायतीचे पांढरे आणि चावणारे. तिसरी जात पहिल्या दोन्हींत सापडे.

"धावायचे बूट दाखवा," बाई म्हणाल्या.

"मुलाचं माप काय?" दुकानदाराने विचारलं.

"मला हवेत."

दुकानदाराने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाई, धावता कशाला? थोडं आधी निघत जा ना घरातून."

बाईंनी अपमान गिळला आणि पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं, की चामड्याचे खिळेवाले बूट मागणी नोंदवून मिळतात, तीन महिन्यांनी. पण ते शंभर यार्डांपुरते आणि मातीवरच. डांबरी रस्त्यावर पाच मैल खिळे वाजवत गेलं तर लोक घोडा समजून बाजूला होतील. फुटबॉलचे होते, त्यांच्या तळाला गोट्या. बायकांच्या खणात सँडल, चपला आणि दवाखान्यातल्या परिचारिकांचे पांढरे बूट, ज्यांत धावलं की रोगी घाबरतो. शेवटी शाळेतल्या मुलांचे कॅनव्हासचे बूट निघाले, पाच नंबरचे. तळवा पोळपाटाइतका सपाट आणि पुठ्ठ्याइतका पातळ.

बाई राहत त्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त कवायत मास्तर. तळमजल्यावर राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चाल दुरुस्त करत. बूट पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"आमच्या वेळी हेच! याच बुटांत आम्ही सात-सात मैल धावलो. आत वर्तमानपत्राच्या दोन घड्या घालायच्या. वरून रोज पांढरा रंग. रंग लावलेला बूट जास्त धावतो."

"का?"

"शिस्त!" मास्तर म्हणाले. एवढ्यावर विषय संपला.

बाईंनी सांगितलं तसं केलं. पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारू लागल्या. पायाखाली आलेला प्रत्येक खडा लहान की मोठा, गोल की टोकदार, सगळं तळव्याला आतूनच कळे. चौथ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड आले. यजमानांनी पाय मांडीवर घेतला, दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ गंभीरपणे बघत राहिले.

"फार लागलंय का हो?"

"अगं, घामाने सगळी बातमी तळव्यावर उमटलीय. उलटी आहे, पण वाचता येते. 'मंत्रिमंडळ' मध्ये अनुस्वार गाळलाय बघ या गाढवांनी." आणि मग त्यांनी फोडाला मलम लावलं.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला आणि कुत्र्याने जीभ बाहेर काढावी तसा लोंबू लागला. कोपऱ्यावरच्या मोच्याने तो उलटसुलट करून पाहिला. "हे शिवायचं काम नाही, बाई. हे रबर आहे. रबर जो चिकटवतो त्याच्याकडे जा," म्हणाला आणि हनुवटीने शेजारचं दुकान दाखवलं. तिथे गुळगुळीत झालेल्या टायरांवर रबराचा नवा थर चढवून देत. बाहेर ट्रकांची चाकं माणसाएवढी रचलेली. आत धूर, जळक्या रबराचा वास आणि काळे हात घेऊन उभा असलेला टायरवाला.

"गाडी कुठली?" त्याने न बघताच विचारलं.

"माझीच," म्हणत बाईंनी बूट पुढे केला.

"नंबर?"

"पाच."

टायरवाल्याने आता वर पाहिलं. बुटाकडे, बाईंकडे, पुन्हा बुटाकडे. हसेल म्हणून बाईंनी पदरचा सगळा ताठा गोळा केला होता. पण तो हसला नाही. अठरा वर्षं तो ट्रकांची चाकं करत होता आणि अठरा वर्षांत त्याला कुणी नवीन काही करायला सांगितलं नव्हतं. त्याने काळे हात पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाला, "बसा. किती पळवायची आहे?"

"पाच मैल. एकदाच. पण त्याआधी महिनाभर रोज."

"रस्ता?"

"डांबरी. मधे थोडा कच्चा."

"लोड किती?"

बाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा कान लाल झाले. त्यांनी भिंतीकडे बघत एक आकडा सांगितला. टायरवाल्याने तो खडूने बुटावर लिहिला आणि अनुभवी माणसासारखे त्यात स्वतःच्या मनाने सहा मिळवले.

पहिला जोड फसला. ट्रकच्या चाकाला लागते तेवढी आच कॅनव्हासला सोसेना. साच्यातून बूट निघाले ते बाहुलीला येतील एवढे. टायरवाल्याला त्या रात्री जेवण गेलं नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं. बाईंनी कॅनव्हासचा दुसरा जोड आणला. या वेळी त्याने आच कमी ठेवली, तळवा घासून खरखरीत केला, मधे स्कूटरच्या सीटमधला स्पंज घातला, त्याखाली ट्यूबचं मऊ रबर आणि सगळ्यात खाली खरं टायरचं रबर. नक्षी कुठली काढायची यावर त्याने आणि मोच्याने तासभर वाद घातला आणि शेवटी स्कूटरची ठरली. डावा बूट थोडा जाड झाला होता, त्यामुळे बाई चालताना उजवीकडे वळत. तोही त्याने घासून सरळ केला.

"घ्या," तो म्हणाला. "पंक्चर होणार नाही."

बूट जड होते. दोन्ही मिळून चांगले दीड किलो. पण घालून उभं राहिल्यावर बाईंना वाटलं, की जमीन पहिल्यांदाच आपल्याशी नीट वागते आहे. खडे कळेनासे झाले. एक पाऊल टाकलं की रबर खालून किंचित वर ढकलत होतं. कुणी कोपराला हात लावून "चला" म्हणावं, तसं. बाई दुकानापासून घरापर्यंत चालत आल्या नाहीत. धावत आल्या. आणि तिथेच घोळ झाला.

कवायत मास्तरांनी त्याच दुपारी जिन्याला तांबडा रंग दिला होता. "रंग ओला आहे" ही पाटी रंगात पडली होती. बाई आपल्याच आनंदात अकरा पायऱ्या चढून गेल्या. बाराव्या पायरीपाशी त्यांना वास आला, त्यांनी खाली पाहिलं, बूट काढून काखेत मारले आणि कठड्याच्या कडेकडेने, जिथे रंग पोहोचला नव्हता तिथून, मोज्यांवर घरी पोहोचल्या.

संध्याकाळी आरडाओरडा ऐकून सगळी इमारत खाली जमली. जिन्यावर चाकाच्या खुणा होत्या, स्पष्ट, नक्षीसकट. मास्तर टेप घेऊन पायरीवर ओणवे झाले होते.

"स्कूटर आहे," त्यांनी जाहीर केलं. "नवा टायर. कुणीतरी स्कूटर जिन्यावर चढवली आहे."

"अहो, जिन्यावर स्कूटर कशी चढेल?" कुणी तरी म्हणालं.

"खुणा आहेत ना? वर गेल्याच्या आहेत. खाली आल्याच्या नाहीत. याचा अर्थ गाडी अजून वरच आहे!"

मास्तरांनी गच्ची पाहिली. पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांकडे स्कूटर होती, ते बिचारे स्वतःच्या गाडीची किल्ली हातात घेऊन शपथा घेऊ लागले. बाराव्या पायरीवर गाडी हवेत विरली कशी, यावर मजल्यामजल्यांत वाद जुंपला. बाईंना सांगून टाकायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मास्तर तेवढ्यात म्हणाले, "चालवणारा पट्टीचा आहे. अकरा पायऱ्या, आणि एकही खूण वाकडी नाही!" आणि एकोणीस वर्षांत आपल्या कामाचं असं कौतुक बाईंनी ऐकलं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं. यजमानांनी खुणांकडे पाहिलं, बाईंच्या मोज्यांकडे पाहिलं आणि लाल पेन्सिल हळूच कानावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मास्तरांच्या दारात जाऊन कबुली दिली. मास्तरांनी बूट उलटे करून तळव्याच्या नक्षीवरून बोट फिरवलं. "आमच्या वेळी," ते शेवटी म्हणाले, "असे पाहिजे होते." जिना त्यांनी पुन्हा रंगवला, बाईंना एक डबा रंग आणायला लावून.

सराव जोरात सुरू झाला. एक अडचण होती, ती कुत्र्यांची. रस्त्यावरची कुत्री स्कूटरमागे धावतात ही त्यांची जुनी रीत. आता टायरचा वास माणसाच्या पायाला येतो म्हटल्यावर ती चक्रावली. पहिले दोन दिवस नुसती भुंकली, तिसऱ्या दिवशी मागे लागली. पळता भुई थोडी झाली. बाईंना वेग कसा वाढवावा हे कुठल्याच मास्तरांनी शिकवलं नव्हतं, ते कुत्र्यांनी आठवडाभरात शिकवलं. महिन्याअखेरीस दोन कुत्री दमून फाटकाशीच बसून राहू लागली.

शर्यतीच्या रविवारी पंपहाऊसपाशी अकरा विभागांचे अकरा धावपटू उभे होते. दहा पुरुष आणि जावकबाई. नऊ जणांच्या पायांत कॅनव्हास, पांढऱ्या रंगाचे ताजे थर दिलेले. भाच्याने डबा उघडला, निळे बूट काढले, फुंकर मारली आणि घातले. हेडक्लार्क बाईंच्या पायांकडे बघून म्हणाले, "हे काय, गाडीच जुंपून आणलीत की!" लोक हसले. बाईंनी नाडी पुन्हा एकदा आवळली. हरले तर खोली गेली हे होतंच, पण शेवटची आले तर सोमवारी त्याच बोळात त्याच टेबलावर बसायचं, आणि हात धुऊन येणारा प्रत्येक जण काहीतरी विचारणार. साबण सोडून.

शिट्टी झाली. भाचा बाणासारखा सुटला. पहिल्या मैलात बाई दहाव्या होत्या. दुसऱ्या मैलात लेखा विभागाचे कारकून कडेला बसून बुटातून वर्तमानपत्र काढू लागले, भांडार विभागाच्या धावपटूला पोटात कळ आली, आणि बाई आठव्या झाल्या. पाय जड होते, पण त्यांना दुखत काही नव्हतं. रस्ता मागे जात होता. एकोणीस वर्षं त्यांनी कुठल्या कुठे कागद पाठवले होते. त्यांच्या हातून गेलेल्या पाकिटांनी समुद्र ओलांडले होते, आणि त्या स्वतः जिना ते संडास एवढ्याच मुलखात राहिल्या होत्या. आज त्या स्वतःच जावक होत्या. हा विचार मनात आला आणि त्यांना मोठ्याने हसू फुटलं. बाजूने धावणाऱ्या नळजोडणी विभागाच्या माणसाला वाटलं, बाईंना ऊन लागलं.

तिसऱ्या मैलाच्या वळणावर, खात्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा मुहूर्त साधून, खात्याचीच मुख्य जलवाहिनी फुटली होती.

शंभर पावलांचा रस्ता गेला होता. घोटाभर पाणी, खाली निसरडा चिखल. सपाट तळव्यांचे बूट त्यात शिरले आणि माणसं एकामागून एक बसू लागली. नळजोडणीवाले पडले ते कर्तव्य म्हणून तिथेच फुटलेली जागा तपासू लागले. बुटांचा पांढरा रंग पाण्यात उतरून दुधासारखे ओघळ वाहत होते. बाई थांबल्या नाहीत. पहिलं पाऊल पडताना त्यांनी डोळे मिटले होते. पण स्कूटरच्या नक्षीने चिखल पकडला, सोडला, पुन्हा पकडला. त्या सरळ रेषेत पाणी कापत पलीकडे निघाल्या, आणि तिथे त्यांना दिसलं ते त्या जन्मात विसरणार नव्हत्या.

भाचा कठड्यावर बसला होता. पाण्यापाशी आल्यावर त्याने निळे बूट काढले होते, मोजे त्यांत कोंबले होते, नाड्यांची गाठ मारून बूट गळ्यात अडकवले होते आणि एकेक पाऊल जपून टाकत तो पलीकडे आला होता. आता रुमालाने बोटांच्या फटी पुसत होता. ओले पाय बुटात घातले तर आतला मऊ कपडा खराब होतो, असं वडिलांनी बजावलं होतं.

"बाई!" तो दचकून ओरडला.

"बसा, बसा," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

शेवटचे दोन मैल कसे गेले ते बाईंना नीट सांगता येत नाही. मागून पावलांचा हलका आवाज येत होता, जवळ, आणखी जवळ. कचेरीच्या चढावर भाचा खांद्याशी आला. बाईंची छाती भात्यासारखी हलत होती, पाय शिशाचे झाले होते. फाटकाशी, शर्यत संपल्याच्या फितीजवळ, आवककाका उभे होते. जन्मात ज्यांनी कुणाला घाई केली नव्हती, ते दोन्ही हात हवेत फेकून ओरडत होते, "बाई, आजच! आजच्या आज! तातडीचं!" बाईंनी दात आवळले आणि तातडीचं टपाल टाकावं तसं स्वतःला फितीत टाकलं. भाचा दोन पावलं मागे होता.

टाळ्या थांबायच्या आधी हेडक्लार्कांचा आक्षेप अर्ज तयार होता. नियम चार: स्पर्धकाने कोणत्याही वाहनाचा वापर करू नये. जावकबाईंच्या पायाला टायर आहेत. टायर हा वाहनाचा भाग आहे. सबब विजय रद्द व्हावा.

"आज रविवार," आवककाका म्हणाले. "आवक बंद. अर्ज उद्या घेऊ, तीन दिवसांनी बघू."

"नाही, काका," बाई धापा टाकत म्हणाल्या. "घ्या. आत्ताच घ्या. मला बोळातून वर जायचंय ते मागच्या दाराने नाही."

काकांनी बाईंकडे पाहिलं. मग खिशातून शिक्का काढला, जो ते रविवारीही सोबत बाळगत, त्यावर 'हा' करून तोंडाची वाफ सोडली आणि अर्जावर उमटवला. ढिगाच्या तळाशी न जाता साहेबांच्या हाती गेलेला त्यांच्या कारकिर्दीतला तो पहिला अर्ज.

मोठ्या साहेबांनी तो वाचला. "बाई, तुमचं म्हणणं?"

बाईंनी फाटकाच्या पायरीवर बसून दोन्ही बूट काढले आणि साहेबांच्या हातांत दिले. साहेबांचे हात एकदम खाली गेले.

"साहेब, वाहन ते, जे माणसाला घेऊन जातं," बाई म्हणाल्या. "पंपहाऊसपासून इथपर्यंत यांना मी घेऊन आले."

साहेब इंजिनियर होते. त्यांनी बूट उलटे केले, नक्षी पाहिली, थर मोजले, रबर अंगठ्याने दाबून पाहिलं. "आत स्पंज आहे?"

"स्कूटरच्या सीटचा. त्याखाली ट्यूबचं रबर, मग टायर."

"केलं कुणी?"

गर्दीतून टायरवाला पुढे आला. हात धुतलेले होते, त्यामुळे बाईंनी त्याला आधी ओळखलंच नाही. साहेबांनी त्याच्याशी आचेबद्दल पाच मिनिटं चर्चा केली. हेडक्लार्क घसा खाकरत उभे होते, ते दोघांच्याही ध्यानात नव्हतं. शेवटी साहेबांनी अर्जाच्या पाठीवर लिहिलं: "ही वहाण आहे, वाहन नव्हे. आक्षेप नामंजूर. खोली आवक-जावक विभागाला." बाईंचे यजमान मागून डोकावले आणि ओळ वाचून म्हणाले, "एकही चूक नाही." त्यांच्या तोंडून हे शब्द लोकांनी पहिल्यांदाच ऐकले.

सोमवारी टेबलं वर गेली. पहिल्या दिवशी काका कागदांवर दगड ठेवून बसले, कारण वारा नावाची गोष्ट विभागाला नवीन होती. कुणीही साबण विचारायला आलं नाही.

दुपारी भाचा आला. हातात डबा.

"बाई, मामांचं मनावर घेऊ नका. मी काही अर्ज द्यायला सांगितलं नव्हतं." जरा घुटमळून त्याने डबा उघडला. "एकदा घालून बघता? तुम्हाला मोठे होतील, पण..."

बाईंनी निळे बूट पायांत घातले. पुढे दोन बोटं जागा उरली. नाड्या आवळून त्या उठल्या आणि दाराबाहेरच्या लांब पडवीत गेल्या. आधी चालल्या, मग धावल्या, आस्थापना विभागाच्या उघड्या दारावरून, आतल्या सगळ्या वर झालेल्या माना बघत, टोकापर्यंत. पायांत काही आहे असं वाटतच नव्हतं. असं काही जगात असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. क्षणभर त्यांना त्या बुटांचा हेवा वाटला, मग फार वाईट वाटलं, की एवढे चांगले बूट आणि डब्यात राहतात. त्या तशाच धावत परत आल्या, बसल्या, नाड्या सोडल्या आणि बूट पुसून भाच्याच्या हातात दिले.

"फार सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "जपून ठेवा. धावायला दुसरे घ्या."